ओमानच्या गाळातला मुंबईचा वारा

रसग्रहण करायचं ते कवितेचं, असा आमच्या पेशाचा रिवाज. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं अशा तीन परिच्छेदांत मुलं ते उरकतात आणि आम्ही शिक्षक समासात लाल आकडा टाकून पुढचा पेपर ओढतो. निवृत्तीनंतर रसग्रहण करावंसं वाटलं अशी जी कृती हाती आली, तिच्यात मात्र एकही ओळ शब्दांची नाही. तो एक आलेख आहे. अनिल गुप्ता, डेव्हिड अँडरसन आणि जोनाथन ओव्हरपेक यांनी २००३ साली 'नेचर'मध्ये छापलेला. गुप्ता तेव्हा खरगपूरच्या आयआयटीत होते. आडव्या अक्षावर गेली दहा-अकरा हजार वर्षं, उभ्या अक्षावर एका समुद्री जीवाच्या कवचांची टक्केवारी. जीव एकपेशीय, कवच बारीक वाळूच्या कणाएवढं, नाव मात्र ऐसपैस: ग्लोबिजेरिना बुलॉइडीस. कवचं निघाली ती ओमानच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रतळातून.

माझी भाची याच विषयात काम करते. तिनं हा आलेख पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "मावशी, हा तुमच्या अँटॉप हिलचा पावसाळा बघ." वाक्य झकास आहे. झकास वाक्यांकडे जरा संशयानं बघायची मला सवय आहे, कारण ती बहुधा अर्धीच खरी असतात. या वाक्याचा कोणता अर्धा खरा आणि कोणता नाही, हे लावून घेता घेता मला या आलेखाची गोडी लागली.

मुंबईतलं आमचं अँटॉप हिल म्हणजे लाव्ह्याचा कातळ. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेलेला. त्यात समुद्रातल्या कवचांचा शोध घेणं व्यर्थ. पूर्वेला वडाळ्याची मिठागरं, खाली दक्षिणेकडे शिवडीची दलदल. मिठागराचा हंगाम मृगाच्या पहिल्या सरीला आटोपतो, आणि त्याच सुमाराला इकडच्या कोळीवाड्यांतल्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. दोन्हींचं कारण एकच, नैर्ऋत्येचा वारा. तो इथे येतो कुठून, याचं नीट वर्णन जे. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञानं १९६९ साली केलं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी विषुववृत्त ओलांडून, सोमालियापाशी वळण घेऊन, ओमानच्या बाजूनं अरबी समुद्रावर घुसणारा कमी उंचीवरचा वेगवान झोत. त्याआधी, आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेच्या काळात, १९६३ पासून कुलाब्याला एक आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र चाललं होतं, हवाई विद्यापीठाच्या कॉलिन रॅमेज यांच्या देखरेखीखाली. जहाजांकडून, विमानांकडून येणाऱ्या वाऱ्याच्या नोंदी मुंबईत बसून नकाशांवर उतरवल्या जात होत्या. म्हणजे आमच्या खिडक्या आपटणारा वारा आधी ओमानजवळून गेलेला असतो, ही कविकल्पना नव्हे, नोंद आहे. भाचीच्या वाक्याचा पहिला अर्धा इथेच खरा ठरला.

आता कृतीकडे, आणि कृतीकडे म्हणजे आधी अक्षरांकडे. या आलेखातलं अक्षर म्हणजे एकेक कवच. ते वाचायला मिळतं कसं, हे मी भाचीच्या शेजारी बसून पाहिलं. वाळवून वजन केलेला गाळ पाण्यात भिजत घालायचा. मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धारेखाली धुवायचा. चिखल वाहून जातो, वर पांढुरकी भुरभुरीत वाळू उरते. तिच्यातले १५० मायक्रॉनहून मोठे कण पुन्हा वेगळे काढायचे, त्यांचे समान वाटे करायचे आणि एका वाट्यातली साधारण तीनशे कवचं जातवार मोजायची. मला फार आवडली ती एक बारीकशी रीत. एक नमुना धुऊन झाला की चाळणी मेथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात बुडवतात. जाळीत आधीच्या नमुन्यातलं एखादं कवच अडकून राहिलं असेल तर ते निळं होतं आणि पुढच्या मोजणीत आपण उपरे आहोत हे स्वतःच सांगतं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना प्रक्षिप्त ओव्या कशा हेरल्या असतील कोण जाणे. त्यांच्याकडे निळं पाणी नव्हतं.

मोजणीची पाटी आगपेटीपेक्षा थोडी मोठी, पुठ्ठ्याची. तिच्यात काळा चौकोन, त्यावर साठ घरं, प्रत्येक घराला आकडा. घरांवर डिंकाचा पातळ हात फिरवलेला. अगदी बारीक ब्रशचं टोक ओलं करायचं, सूक्ष्मदर्शकातून बघत कवचाला ते नुसतं टेकवायचं, कवच चिकटून वर येतं, मग त्याच्या घरात ठेवायचं. हात किंचित कापला तर ब्रशचं टोक भिंगाखाली झाडू फिरावा तसं फिरतं आणि निवडलेली दहा-बारा कवचं दुसऱ्यांच्या घरात जाऊन पडतात. भाचीचा हात कापत नाही. "नुसती गोल गोल दिसतात म्हणून एकात टाकू नकोस," ती म्हणाली, "तोंड कुठे उघडतंय ते बघ."

तोंड बघितलं की खरंच जाती सुट्या होतात. बुलॉइडीस म्हणजे फुगीर चार कप्पे एकमेकांना चिकटलेले, शेवटचा सर्वांत मोठा, आणि त्यांच्या मधल्या खळग्यात उघडणारी एकच रुंद कमान. राजगिऱ्याच्या लाह्या चार-चार चिकटल्यासारख्या. ग्लोबिजेरिनॉइडीस रुबरला कप्पे तीन, आणि मुख्य तोंडाखेरीज पाठीवरही छोटी दारं. ग्लोबोरोटालिया मेनार्डी चपटी, काठाला जाड कंगोरा असलेली. ऑर्ब्युलिना तर निव्वळ गोळा, इतका नितळ की तो कुणी घडवला असावा असं वाटतं. रुबरमध्ये एक गुलाबी छटेचा प्रकार असतो. अटलांटिकमध्ये तो आजही जगतो. आपल्या हिंद महासागरातून आणि प्रशांतातून तो सुमारे एक लाख वीस हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला, पांढरा तेवढा राहिला. म्हणून आपल्याकडच्या गाळात गुलाबी दाणा दिसला की आपण किती खोल, किती जुन्या थरात आहोत ते कळतं. विषयाला सोडून आहे, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही.

बुलॉइडीसचं वर्णन आल्सीद दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञानं १८२६ साली केलं. ती मुळात थंड पाण्यातली. उत्तर-दक्षिणेच्या गार समुद्रांत ती भरपूर सापडते. मग ओमानसारख्या तळपत्या देशाच्या दारात ती गर्दी करून काय करते? याचं उत्तर म्हणजे या कृतीचा आशय. त्यावर मला रेंगाळायचं आहे.

उष्ण कटिबंधातल्या बहुतेक समुद्राचा पृष्ठभाग दिसायला सुंदर आणि आतून उपाशी असतो. वरचं पाणी उन्हानं तापलेलं, हलकं. ते खालच्या गार, जड पाण्यावर तरंगत राहतं, मिसळत नाही. नायट्रेट, फॉस्फेट ही खतं खाली अडकलेली. अशा निवळशंख, रिकाम्या पाण्यात रुबर सुखानं राहते, कारण तिनं पोटात सूक्ष्म शैवाल पाळलेलं असतं. ऊन मिळालं की घरातच थोडंफार पिकतं. बुलॉइडीसनं अशी सोय केलेली नाही. तिला रोज शिकार लागते आणि शिकार तिथेच असते जिथे खालचं खत वर येतं.

ते वर आणतो वारा. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा ओमानच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो. आपल्याला वाटेल, पाणीही वाऱ्याच्याच दिशेनं जाईल. तसं होत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वरचं पाणी एकंदरीनं वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं. आर्क्टिकमधले हिमतराफे वाऱ्याच्या रेषेत न जाता उजवीकडे झुकतात हे नान्सेनच्या लक्षात आलं होतं, आणि १९०५ साली वाग्न एकमान यानं त्याचं गणित मांडलं. ओमानच्या किनाऱ्याकडे पाठ करून समुद्राकडे तोंड केलं तर वारा उजव्या हाताकडून डावीकडे जातो आणि पाणी समोर, खुल्या समुद्राकडे. किनाऱ्याशी पडलेली पोकळी भरायला शेकडो मीटर खालून गार पाणी वर चढतं. ऐन जुलैत, मस्कत भाजत असताना, दक्षिणेकडच्या सलालाच्या समुद्राचं पाणी कित्येक अंशांनी थंड पडतं. त्या थंडाव्यामुळे तिथे धुकं आणि भुरभूर असते, डोंगर हिरवे होतात, त्या ऋतूला तिकडे खरीफ म्हणतात. कामाधंद्यासाठी तिकडे गेलेली आपली माणसं या खरिफाचं वर्णन आंबोली-महाबळेश्वरच्या थाटात करतात ते उगाच नाही. त्या गार पाण्यात आधी डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल माजतात, मग त्यांच्यावर आणि त्यांना खाणाऱ्यांवर जगणारे इतर, आणि त्या रेलचेलीत बुलॉइडीस. रुबरचा वाटा त्या मानानं घटतो. एका बाजूला वाऱ्याचा जोर, दुसऱ्या बाजूला एका कवचाची गर्दी, आणि मध्ये फक्त पाणी.

उत्तर मुंबई विभागाचा कुठलाही परीक्षक इथे विचारेल, हे संदर्भासह सिद्ध करा. सिद्ध करायचं म्हणजे कवच पडत असताना पकडायला हवं. ते काम गोव्यात दोना पावलाला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं हँबर्ग विद्यापीठाबरोबर १९८६ मध्ये हाती घेतलं. अरबी समुद्राच्या पश्चिम, मध्य आणि पूर्व भागांत खोल पाण्यात मोठमोठी नरसाळी दोराला बांधून टांगली. वरून जे काही झरेल ते नरसाळ्यातून खालच्या पेल्यात. ठरलेले दिवस झाले की पेला आपोआप मिटतो आणि पुढचा तोंडाखाली येतो. वर्षभरानं दोर ओढला की समुद्रानं पंधरवड्या-महिन्यांच्या हिशेबानं काय काय खाली टाकलं ते क्रमानं हाती येतं. संस्थेचे आर. आर. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष दिला: वर्षाची बरीच झड मोसमी वाऱ्यांच्या काळातच होते, पावसाळ्यात सर्वांत जास्त आणि थंडीतल्या ईशान्य वाऱ्यांच्या काळात पुन्हा एकदा. १९९२ मध्ये विल्यम करी, डॉरिंडा ऑस्टरमन, एम. व्ही. एस. गुप्ता आणि वेणुगोपालन इट्टेक्कोट यांनी त्याच पेल्यांतली कवचं जातवार मोजली. पश्चिमेकडच्या नरसाळ्यात बुलॉइडीसची झुंबड उडत होती ती नैर्ऋत्य वाऱ्याच्या महिन्यांत. २००३ च्या आलेखाला विश्वासाचा आधार मिळाला तो या पेल्यांतून. त्यांच्याविना ती रेघ नुसती रेघ राहिली असती, आणि मला हे पेले आलेखापेक्षा कणभर जास्तच आवडतात.

तरी एक शंका उरतेच. समुद्राच्या वरच्या थरात जगलेला जीव सरळ आपल्याच खालच्या तळावर कसा पडेल? प्रवाह त्याला नेणार नाहीत का? हा वाद जुना आहे. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाज जगभर फिरलं तेव्हा समुद्रतळावर मैलोगणती पसरलेला, ग्लोबिजेरिनाच्या कवचांनी भरलेला पांढुरका गाळ सापडला. मोहिमेचे प्रमुख वायव्हिल थॉमसन यांचा आधीचा समज असा, की हे जीव तळाशीच राहतात. जॉन मरे या तरुण सहकाऱ्यानं जहाजामागे बारीक जाळी ओढून पृष्ठभागातले जिवंत ग्लोबिजेरिना समोर ठेवले. मरे यांनी पुढचीही गोष्ट पाहिली: उष्ण पाण्याखालच्या तळावर उष्ण पाण्यातल्या जातींची कवचं, गार पाण्याखाली गार पाण्यातल्यांची. तळ म्हणजे पृष्ठभागाचा नकाशा.

फोरॅमिनिफेराच्या, म्हणजे या कवचधारी एकपेशीय जीवांच्या, बाबतीत हे समजण्यासारखं आहे. कवच जड, रिकामं झालं की काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत तळ गाठतं. तेवढ्यात प्रवाहानं नेलं तरी किती नेणार? पण कोकोलिथ नावाच्या शैवालाच्या चकत्या अवघ्या काही मायक्रॉनच्या असतात. सुटी चकती चार किलोमीटर उतरायला शतकाच्या आसपास वेळ घेईल, आणि तोवर समुद्र तिला कुठल्या कुठे नेऊन सोडेल. तरीही तळावरच्या कोकोलिथांची मांडणी वरच्या पाण्याशी जुळते. याचं कारण लाजिरवाणं आणि सुंदर आहे. कोपेपॉडसारखे बारके जीव या शैवालाला खातात आणि चकत्या त्यांच्या विष्ठेच्या घट्ट गोळ्यांत बांधल्या जाऊन आठवड्या-दोन आठवड्यांत तळाला पोचतात. महासागराचं दप्तर मोठ्या प्रमाणात असं शेणाच्या टपालानं भरतं. आमच्या भाषेच्या तासाला हे वाक्य चाललं नसतं. इथे ते शब्दशः खरं आहे.

दप्तर पोचलं म्हणून वाचता येईलच असं नाही, कारण तळाशी एक कडक संपादक बसलेला आहे. समुद्र जसा खोल होत जातो तसं पाणी गार, दाबाखाली आणि कार्बन डायऑक्साइडनं अधिक भरलेलं होतं, आणि चुन्याची कवचं त्यात विरू लागतात. चार-पाच किलोमीटरखाली तर बहुतेक सगळं पुसलं जातं. आणि पुसतानाही भेदभाव: पातळ भिंतीची रुबर आधी जाते, जाड कंगोऱ्याची मेनार्डी मागे राहते. अशा तळावर मेनार्डीच मेनार्डी दिसली म्हणून वरच्या पाण्यात तिचंच राज्य होतं म्हणणं म्हणजे फाटक्या पोथीवरून कवीची भाषा ठरवणं. डायटमची गोष्ट याहून बिकट. त्यांचं कवच सिलिकाचं, आणि सिलिकाला तर समुद्राचं पाणी कुठेही सांभाळत नाही. जिथे डायटमचं पीकच अफाट असतं, उदाहरणार्थ अंटार्क्टिकाभोवतीच्या वलयात, तिथेच ते तळावर जाड थर करून उरतात. म्हणून ओमानचा हा नमुना निवडणाऱ्यांच्या नजरेला दाद द्यावी लागते. १९८७ मध्ये ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅमच्या ११७ व्या फेरीत 'जॉइडीस रेझोल्यूशन' जहाजानं ७२३ क्रमांकाच्या ठिकाणी तळ खणला तो सुमारे आठशे मीटर खोलीवर. कवचं विरायची भीती तिथे बरीच कमी. शिवाय अरबी समुद्रात दीडशे मीटरपासून हजाराच्याही खालपर्यंत पाण्यात प्राणवायू अगदी क्षीण असतो. गाळ उकरणारे किडे तिथे फारसे टिकत नाहीत, म्हणून थर बऱ्यापैकी जागच्या जागी राहतात.

खणणाऱ्यांचं नशीब प्रत्येक वेळी असं नसतं. २०१५ मध्ये हेच जहाज कोलंबोहून निघून दोन महिने लक्ष्मी खोऱ्यात, आपल्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर, खणत राहिलं आणि मुंबई बंदरात येऊन थांबलं. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट हे त्या फेरीचे प्रमुख. तिथे हजार मीटरहून खोल गेल्यावर हाती आलं त्यात सिंधू नदीनं आणलेली वाळू-माती खूप, आणि मध्येच तीनशेहून जास्त मीटर जाडीचा एक गोंधळ: सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्याच्या उतारावरून कोसळलेली एक अवाढव्य दरड, अभ्यासकांनी तिला नटराज असं नाव दिलंय. प्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या या जीवांनी, रोज एक कण याप्रमाणे लिहिलेलं दप्तर आणि त्यावर एका झटक्यात पडलेला डोंगर.

आता उभ्या अक्षावरच्या चिन्हाकडे, टक्क्याकडे. या कृतीतलं हेच भाषिक वैशिष्ट्य, आणि तिची दुखरी जागाही. तीनशे कवचांत बुलॉइडीस किती, हा प्रश्न बुलॉइडीस किती जन्मल्या या प्रश्नाहून वेगळा आहे. समजा एका काळात तिची संख्या तेवढीच राहिली आणि रुबरची घटली. रेघ वर चढेल. रुबर तळाशी विरून गेली तरी रेघ वर चढेल. अभ्यासक हे पुरतं जाणतात, म्हणून ते एकाच जातीवर विसंबत नाहीत, कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांशी आणि शेजारच्या नमुन्यांशी ताडून बघतात. पण आलेख छापला जातो एकाच रेघेचा, आणि वाचणारा रेघेला भुलतो. मीही भुलते. फक्त भुलताना टक्क्याचं चिन्ह नजरेआड होऊ देत नाही.

याहून मोठी सावधगिरी वारा आणि पाऊस यांच्यातल्या फरकाची. बुलॉइडीसला पाऊस ठाऊकच नाही. तिला ठाऊक आहे वर आलेलं गार पाणी, म्हणजे ओमानच्या किनाऱ्यावरचा वारा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. अँटॉप हिल या दोहोंच्या मध्ये. शहराच्या दोन टोकांत इतका फरक करणारा ढग ओमानच्या गाळात कुठलीच खूण सोडत नाही. भाचीच्या वाक्याचा हा दुसरा अर्धा, आणि तो मी तिला परत केला. ती हसून म्हणाली, "म्हणूनच आम्ही दोन-दोन ठिकाणचे गाळ बघतो, मावशी."

पाऊस वाचायचा तर वेगळा लेखक शोधावा लागतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या राजीव निगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला कारवारजवळ, काळी नदीच्या मुखाबाहेर. तिथले त्यांचे फोरॅमिनिफेरा प्लवक नव्हेत, तळाशी जगणारे. नदीला पूर आला की गोडं पाणी किती दूरवर पसरलं याचा परिणाम त्यांच्या वाढीवर, कवचाच्या पहिल्या कप्प्याच्या आकारावर होतो. १९९५ मध्ये त्यांनी या कवचांवरून दुष्काळांचं सुमारे ७७ वर्षांचं एक आवर्तन मांडलं. म्हणजे नदीच्या तोंडाशी तळाला बसलेला जीव पाऊस लिहितो आणि ओमानच्या पृष्ठभागावर तरंगणारा जीव वारा. दोघांची साक्ष वेगवेगळी घ्यायची.

आणि आमच्या दाराशी? मुंबईसमोरचा उथळ समुद्र तीनशे किलोमीटर रुंद आहे. नर्मदा, तापी आणि इतर नद्यांची माती त्यावर पसरते. गढूळ, उथळ, पावसाळ्यात गोडसर पाण्यात प्लवकी फोरॅमिनिफेरा फिरकत नाहीत. शिवडीचा चिखल धुतला तर अमोनिया नावाच्या फोरॅमिनिफेरासारखी तळाशी राहणारी, खारं-गोडं दोन्ही सोसणारी मंडळी मिळतील, डायटम मिळतील. ग्लोबिजेरिना जवळपास नाहीच, एखादी भरतीबरोबर भरकटलेली असली तर असली. किनाऱ्यापासून जसजसं दूर जावं तसतसा तळावरच्या कवचांत प्लवकांचा वाटा वाढत जातो, इतका नेमानं की १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं त्या उद्योगातही जुना थर किती खोल पाण्यात साचला हे ठरवायला या वाट्याचा आधार घेतात. मुंबईचा वारा मुंबईच्या चिखलात न सापडता ओमानच्या चिखलात सापडतो, याचं कारण हे.

एवढी तयारी करून रेघ वाचली की ती बोलू लागते. डावी-उजवीकडच्या तपशिलात न शिरता सांगायचं तर दहा ते आठ हजार वर्षांपूर्वीच्या भागात ती उंचावर आहे. त्या काळी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असायची ती उत्तरेकडच्या उन्हाळ्यात. आज ती जानेवारीच्या आरंभी असते. उन्हाळ्यातलं ऊन तेव्हा आजच्यापेक्षा काही टक्क्यांनी प्रखर, आशियाची जमीन अधिक तापे, वारा अधिक जोरानं ओढला जाई. पुढे ते ऊन हळूहळू उतरत गेलं आणि रेघही. पण उतार सरळ नाही. मध्येमध्ये खाचा आहेत. आणि इथे लेखकांनी जी करामत केली ती उत्तम कवीची. त्यांनी शेजारी दुसरी रेघ ठेवली, अटलांटिकच्या उत्तरेकडच्या गाळातली: तरंगत्या बर्फानं वाहून आणलेल्या, लोहाच्या तांबूस पुटानं माखलेल्या वाळूकणांची. जेव्हा जेव्हा तिकडे बर्फ दक्षिणेला उतरलं, तेव्हा तेव्हा इकडे बुलॉइडीस कमी झाली. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वीची खाच त्यातलीच. दोन रेघांमध्ये एक शब्दही नाही आणि अर्ध्या पृथ्वीचं अंतर आहे. याला मी पैकीच्या पैकी देते.

रेघेच्या अलीकडच्या टोकाशी मात्र माझ्यातली मराठीची शिक्षिका फार अस्वस्थ होते. खणण्याच्या यंत्रानं वरचा सैल गाळ विस्कटतो, म्हणून अगदी अलीकडच्या शतकांसाठी वेगळी पेटी लागते, तळावर अलगद टेकवून चौकोनी ठोकळा उचलणारी. अशा ओमानकडच्या पेट्यांवरून याच तिघांनी २००२ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं होतं, की बुलॉइडीस साधारण १६०० च्या सुमाराला तळाला गेली आणि नंतरच्या चारशे वर्षांत वाढत आली. १६०० म्हटलं की माझं मन धावतं ते १६३० च्या दुष्काळाकडे, ज्यात तुकोबांची पहिली पत्नी अन्नान्न करत गेली असं परंपरा सांगते. त्याआधी दुर्गादेवीचा दुष्काळ, १३९६ पासून बारा वर्षं. खाच दिसते आणि हात आपसूक जोडणी करू लागतो. तो आवरायला हवा. गाळाच्या एका नमुन्यात कित्येक वर्षं एकत्र बसलेली असतात, वय मोजण्यात दशकांची चूक असते, आणि शेवटी कवच वारा लिहितं, देहूचा पाऊस नाही. या जागी एखादा लेखक दुष्काळाचं चित्र रंगवून टाळ्या घेईल. गाळ त्याला साक्ष देणार नाही.

त्याच टोकाला खरा पेच आहे, आणि तो अजून सुटलेला नाही. ओमानच्या पेट्यांतली बुलॉइडीस म्हणते, चारशे वर्षं वारा वाढतो आहे. इकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेनं देशभरच्या पर्जन्यमापकांवरून १८७१ पासूनची पावसाळी पावसाची मालिका तयार केलेली आहे. तिच्यात दर वर्षीचे चढउतार पुष्कळ, पण सबंध देशाच्या पावसात अशी सलग वाढ दिसत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर काही भागांत तो घटलाच. कुणी म्हणतं कवचांचं वाचन घाईचं झालं. कुणी म्हणतं समुद्र तापल्यानं वाऱ्याचा आणि पावसाचा जुना हिशेब बदलत चाललाय. मला वाटतं, दोन्ही नोंदी आपापल्या जागी प्रामाणिक असाव्यात. एक ओमानच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्याची, दुसरी देशभरच्या पर्जन्यमापकांची. त्यांनी एकच गोष्ट सांगावी ही अपेक्षा आपली. भाची सध्या पूर्वेकडच्या, आपल्या बाजूच्या एका गाळाची कवचं मोजते आहे. साठ घरांच्या पाटीवर तिची मोजणी अजून अर्ध्यावर आहे, आणि आकडे जुळतील की नाही ते ती आत्ताच सांगायला तयार नाही.